जुमाकादिरची तीनशे एकोणनव्वदावी दुरुस्ती

जुमाकादिरला इंग्रजी येत नव्हतं, आणि इंग्रजी मजकूर दुरुस्त करण्यात त्याने आयुष्याची बारा वर्षं घालवली. बिश्केकमधल्या आमच्या सातव्या वसाहतीतल्या जिन्यावर या गोष्टीची भरपूर टिंगल व्हायची. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला तो दिसला की वडीलधाऱ्यांना मारायची मानाची हाक मारून मुद्दाम विचारायचा, "काय अक्साकाल, आज परदेशाच्या किती चुका काढल्यात?" जुमाकादिर शांतपणे आकडा सांगायचा. त्याला वाटायचं, विचारणारा मनापासून विचारतोय.

काम मात्र खरं होतं. कॉम्प्युटरवर काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांना चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, की ती पाळली जाते. अशा प्रत्येक आज्ञेचं एक माहितीपान असतं. त्यात आज्ञेचं नाव ठळक हवं, जिथे आपण आपलं काही भरायचं तो शब्द तिरपा हवा, आणि आज्ञेला एखादी अट घालायची असेल तर ती दोन आखूड रेघांनी सुरू व्हायला हवी. प्रोग्रॅम लिहिणारे लोक हुशार असतात, पण पानं लिहिताना त्यांना कधी एकदा संपतंय असं होतं. ठळक तिथे तिरपं, तिरपं तिथे साधं, रेघांचा तर नुसता बाजार. जुमाकादिर ती पानं उतरवून घ्यायचा, नीट करायचा आणि ज्याची त्याला परत पाठवायचा. सगळं फुकट. सोबत चार ठरलेली इंग्रजी वाक्यं असायची. ती त्याने एका शिक्षिकेकडून एकदाच लिहून घेतली होती आणि बारा वर्षं तीच पाठवत होता.

तो मूळचा कोचकोरचा, मेंढपाळाच्या घरातला. सतराव्या वर्षी फ्रुंझेला आला, तेव्हा आपल्या बिश्केकचं नाव ते होतं, आणि मोठ्या सरकारी छापखान्यात खिळे जुळवायला लागला. पुढे मुद्रितशोधकांच्या खोलीत बसला. दोन्ही मिळून पंचवीस वर्षं झाली. तिथे त्याला एक गोष्ट शिकवली गेली आणि ती त्याने जन्मभर घट्ट धरली: अर्थ लेखकाचा, रूप आपलं. अर्थात नाक खुपसायचं नाही. किर्गीझ, रशियन, उझबेक, एकदा तर बीटलागवडीचं जर्मन पुस्तक आलं, त्याने सगळी सारख्याच डोळ्यांनी तपासली. हातभर अंतरावरून तो सांगायचा की हा ठिपका शाईचा आहे की खिळ्याचा. मग देश बदलला, छापखाना विकला गेला, यंत्रं भंगारात गेली, आणि तो डोळा दोर्दोय बाजारात हातमोजे विकत उभा राहिला. त्या वर्षांबद्दल तो कधी बोलला नाही. शेवटी एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सांभाळायचं काम मिळालं, आणि तिथे कुणीतरी छापून टाकून दिलेलं एक माहितीपान त्याच्या हाती आलं.

ते पान त्याला बघवेना. हे त्याने स्वतः मला सांगितलंय. त्याने निळ्या पेन्सिलीने ते दुरुस्त केलं, मग असं पान कुणाला पाठवायचं असतं ते शाळेतल्या पोरांना विचारलं, आणि तीन आठवड्यांनी प्राग शहरातून ओंद्रेय नावाच्या माणसाचं उत्तर आलं: आभार, दुरुस्ती घेतली. खाली जुमाकादिरचं नाव होतं. छापखान्यात पंचवीस वर्षांत त्याचं नाव एकाही पुस्तकावर छापलं गेलं नव्हतं. इथे एक पान पुरलं. मग माणूस थांबतोय कसला! भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दुरुस्त्यांचे आकडे घालू लागला. बायको सोनुनबू म्हणायची, "इतकं लक्ष घरातल्या नळाकडे दिलं असतंस तर बरं झालं असतं." ती लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. नळ गळतच राहिला.

घरात माणूस म्हणून आली ती आयझिरेक, त्याच्या थोरल्या बहिणीची, बुरुलचाची मुलगी. कोचकोरहून कॉलेजसाठी आली आणि पाच वर्षं मामाकडे राहिली. ती त्याला 'तायाके' म्हणायची, आपल्याकडे आईच्या भावाला म्हणतात तसं. जिन्यावर त्याला न हसणारी ती एकटी. आकडा किती झाला ते ती सकाळी विचारायची आणि खरोखर ऐकायची. काळ्या खिडकीतल्या आज्ञा ती त्याच्याजवळ बसूनच शिकली. तो तिला एकच बजावायचा, "पान वाचल्याशिवाय आज्ञा द्यायची नाही, आणि आज्ञा हाताने टाइप करायची नाही. पानातून जशीच्या तशी उचलायची. हात चुकतो, पान चुकत नाही."

पुढे तिला नोकरी लागली ती शहरातल्या एका ध्वनिसंग्रहात. जुन्या काळी संशोधकांनी गावोगाव फिरून फितींवर आवाज भरून आणले होते: म्हाताऱ्या बायकांचे मयतीवरचे विलाप, घोडेवाल्यांची गाणी, कुणाकुणाच्या हकिकती. फिती इतक्या जुन्या झाल्या होत्या की एकदा फिरवल्या की त्यांच्यावरची तपकिरी भुकटी गळून पडायची आणि फीत कायमची मुकी व्हायची. म्हणजे एकदाच ऐकायची, तेव्हाच कॉम्प्युटरवर घ्यायची. आयझिरेकने दोन वर्षं तेच केलं. एकशे चाळीस तासांचे आवाज झाले. डिस्क भरत आली तेव्हा तिने दुसरी डिस्क मागितली. तीन वेळा लेखी मागितली. संचालिका राखात सिदिकोव्ना म्हणाल्या, "नूरुझचा सण होऊ दे, मग बघू. तोवर दुबार झालेलं पुसून जागा कर."

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट ही. सोमवारी दुपारी आयझिरेक मामाकडे आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"तायाके, सगळं गेलं."

"काय गेलं?"

"आवाज. सगळे. एकशे चाळीस तास. माझ्या हातून गेले आणि कसे गेले तेच मला कळत नाही."

तिने एक कागद टेबलावर ठेवला. स्वतः दिलेली आज्ञा आणि कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर तिने छापून आणलं होतं. "जुनं साफ करायचा तो छोटा प्रोग्रॅम आहे ना, तो वापरायचा होता. तुम्ही शिकवलंत तसं आधी त्याचं पान उघडलं, इंटरनेटवरचं. पानाच्या शेवटी उदाहरण आहे, आधी रंगीत तालीम कशी करायची त्याचं. म्हणजे काहीही पुसायचं नाही, काय पुसलं जाईल त्याची नुसती यादी दाखवायची. मी ती ओळ उचलली आणि अख्ख्या संग्रहावर लावली. यादीच तर बघायची होती! त्याने यादी दाखवलीच नाही. पुसूनच टाकलं."

"तो इल्गिझ काय म्हणतो?" इल्गिझ म्हणजे त्यांच्या कार्यालयातला कॉम्प्युटरवाला.

"तो सकाळपासून परत आणायला बघतोय. नाही येत. माझी मशीनपण पुसून नवी केली त्याने. आणि तायाके, फिती तर आम्ही पोत्यांत भरून टाकून दिल्यात."

जुमाकादिरने कागद उचलला. चष्मा लावायचीही गरज पडली नाही. 'फक्त दाखव' या अर्थाच्या शब्दाआधी दोन आखूड रेघा हव्या होत्या. तिथे एक लांब रेघ होती, सुरेख, दोन्हीकडे टोकदार, छापील पुस्तकात वाक्य तोडायला घालतात तशी. कॉम्प्युटरला ती अट वाटलीच नव्हती. त्याला वाटलं, हे कुठल्याशा कप्प्याचं नाव आहे. 'असा कप्पा सापडला नाही' अशी त्याने एक ओळ कुरकुर केली आणि पुढचं काम, म्हणजे पुसण्याचं, इमानाने उरकलं.

एवढं त्याला एका नजरेत दिसलं. दुसऱ्या नजरेत ती रेघ कुणाची हेही दिसलं.

जानेवारीत त्याला ताप होता. आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशीवर होता आणि फेब्रुवारीत पासष्टी पुरी व्हायच्या आत त्याला चारशे गाठायचे होते. या छोट्या प्रोग्रॅमचं पान लिहिणाऱ्या माणसाला वाक्यात मध्येच थांबायची खोड होती, आणि थांबेल तिथे तो दोन आखूड रेघा मारत होता. छापखान्यात टाइपरायटरवरून येणारी हस्तलिखितं अशीच असायची. टाइपरायटरला लांब रेघ नव्हती, म्हणून लेखक दोन आखूड मारायचे आणि जुळवणारा त्यांच्या जागी एक लांब खिळा बसवायचा. पंचवीस वर्षं त्याच्या बोटांनी हेच केलं होतं. पान वाचता येणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं की शेवटच्या उदाहरणातल्या दोन रेघा वाक्य तोडणाऱ्या नाहीत, त्या आज्ञेच्या आहेत. त्याने वाचलं नाही, बघितलं. एकोणीस जागी लांब रेघ बसवली. अठरा बरोबर होत्या. आणि या प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या घेणाऱ्या प्रागच्या ओंद्रेयने ते पान न बघताच घेतलं, कारण त्याने मागेच कळवलं होतं, "तुमचं काम मी आता तपासत नाही." ते पत्र जुमाकादिरने फ्रेम करून लावलं होतं.

"तायाके? दिसतंय का काही?"

"बघतो," तो म्हणाला. "चहा घे."

आणि त्याने तिची वाटी काठोकाठ भरली. आपल्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, संपली की पुन्हा अर्धी, म्हणजे बस म्हणून सांगणं. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'ही पी आणि नीघ', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आयझिरेकने वाटीकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि गुपचूप चहा प्यायली.

"गुरुवारी समिती बसणार आहे," ती जाता जाता म्हणाली. "नोकरी जाईल, जाऊ दे. पण नोकरीवहीत 'हलगर्जीपणामुळे काढले' असं लिहिलं ना, तर पुढे मला कुठलाच संग्रह, कुठलंच ग्रंथालय दारात उभं करणार नाही. तुम्ही याल? तुम्ही यातले जाणकार. तुम्ही सांगितलंत की पानच चुकलंय, तर ऐकतील ते."

"येईन," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने त्या प्रोग्रॅमचा इतिहास उघडला. या लोकांच्यात काही म्हणता काही पुसलं जात नाही. जुनी ओळ, नवी ओळ, बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख, सगळं तिथे कायमचं असतं. तीनशे एकोणनव्वदावी दुरुस्ती तिथे होती. जुमाकादिर, कोचकोरचा, बिश्केकचा, सोळा जानेवारी.

आता त्याने पुढे काय केलं ते सांगतो, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. मंगळवारी सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, त्याने ती रेघ दुरुस्त केली. चुकलेली रेघ समोर दिसतेय आणि ती तशीच राहू द्यायची, हे त्याच्याच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. स्वतःला त्याने समजावलं की आणखी कुणाचं नुकसान नको. हे खोटं नव्हतं. पण ओंद्रेयला त्याने काय लिहिलं? 'रूपातली किरकोळ दुरुस्ती.' बस्स. चार ठरलेल्या वाक्यांतलंच एक. तासाभरात आभाराचं उत्तर आलं आणि दुपारपर्यंत इंटरनेटवरचं पान बदललं. एकशे चाळीस तासांचे आवाज पुसणारी रेघ किरकोळ! जुमाकादिर, कुणाला फसवत होतास रे बाबा?

गुरुवारी तो सणाचा कोट घालून गेला. डोक्यावर पांढरी कल्पाक टोपी. समितीच्या खोलीत राखात सिदिकोव्ना, कामगार संघटनेची एक बाई आणि लॅपटॉप घेऊन बसलेला इल्गिझ होता. म्हाताऱ्या माणसाला बघून सगळे उठले, त्याला मानाच्या खुर्चीवर बसवलं. आयझिरेकने आपला कागद पुढे केला आणि जे घडलं ते न रडता सांगितलं.

"मी हाताने काही टाइप केलेलं नाही. ओळ पानातून उचलली. पानातच ही लांब रेघ होती. आणि बघा ना, कीबोर्डवर ही रेघ येतच नाही, मी घालणार कुठून?"

"पान बघू या की," राखात सिदिकोव्ना म्हणाल्या. "इल्गिझ, उघड रे."

इल्गिझने पान उघडलं. पार शेवटी गेला. लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. उदाहरणातल्या शब्दाआधी दोन आखूड रेघा होत्या, स्वच्छ, शेजारी शेजारी.

आयझिरेक पडद्यापाशी गेली. बोट लावून बघितलं.

"हे... सोमवारी असं नव्हतं."

"म्हणजे तुझ्यासाठी कुणी परदेशात बसून तीन दिवसांत पान बदललं?" संघटनेची बाई म्हणाली, आणि इल्गिझला हसू आलं.

"मी खोटं बोलत नाहीये! असं नव्हतं!"

"आयझिरेक, आवाज खाली. मोठी माणसं बसलीत इथे." राखात सिदिकोव्ना जुमाकादिरकडे वळल्या. "अक्साकाल, तुम्ही या पानांचं काम करता म्हणे. तुम्हीच सांगा. पान चुकलेलं असू शकतं का?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आयझिरेकनेही. तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं होतं, आता मामा बोलणार म्हणून. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की या पानाचा इतिहास उघडा, त्यात जुनी ओळ आहे. दोन वाक्यं. इल्गिझला अर्धं मिनिट लागलं असतं. पण जुन्या ओळीशेजारी नाव होतं, नव्या ओळीशेजारीही तेच नाव होतं, आणि नव्या ओळीची तारीख होती परवाची. बारा वर्षांत त्याला लोकांनी नावाने ओळखलं होतं ते फक्त तिथे. हातमोजेवाला म्हणून नाही, किल्लीवाला म्हणून नाही.

त्याने घसा खाकरला.

"आत्ता तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

एक शब्दही खोटा नव्हता त्यात. राखात सिदिकोव्नांनी मान डोलावली, लिहायला घेतलं आणि शेवटी कागदावर त्याचीही सही घेतली. नोकरीवहीत हलगर्जीपणा तर लिहिलाच, वर 'चौकशीत दिशाभूल केली' असंही जोडलं, जांभळ्या शाईत, शिक्क्यासकट. बाहेर आल्यावर तिने मामाला हात धरून रस्ता ओलांडून दिला, कारण बर्फ वितळून चिखल झाला होता.

रविवारी ती आली. या वेळी कोट काढला, नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. जुमाकादिर उठून चहा ठेवायला निघाला.

"चहा नको, तायाके. बसा."

तो बसला.

"मला वाटलं माझंच डोकं फिरलं. तीन दिवस वाटत होतं. सोमवारी मी काय बघितलं आणि काय नाही, माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. आई फोनवर विचारत होती, तर मी तिला म्हटलं, मीच चुकले असेन गं. मग काल इतिहास उघडला."

जुमाकादिरने टेबलावरचा पाव सरळ केला.

"दोन नोंदी आहेत," ती म्हणाली. "सोळा जानेवारी आणि पाच मार्च. पाच मार्च म्हणजे मंगळवार. सोमवारी मी इथे बसले होते."

"आयझिरेक, मला ताप होता तेव्हा. जानेवारीत. मी..."

"जानेवारीचं मला काही म्हणायचं नाही. चूक होते. माझ्या हातूनही झाली असती. मी तुमच्या जागी असते तर माझाही जीव गेला असता लाजेने, कळतं मला. आपण दोघं बसून रडलो असतो आणि गुरुवारी एकत्र गेलो असतो. तुम्ही मला चहा काठोकाठ भरून दिलात. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला. मग तुम्ही ते दुरुस्त केलंत. मला सांगायच्या आधी. मी रोज उठून तुमचा आकडा विचारायचे, तायाके, मला तुम्ही वेडी ठरवलंत."

"मी जातो. उद्याच जातो राखात सिदिकोव्नांकडे. छापून नेतो सगळं."

"जा," ती म्हणाली. तिने कोट घातला. "माझ्यासाठी नको. तुम्हाला जावंसं वाटत असेल तर जा."

तो गेला. सोमवारी सकाळी आठ वाजता, दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. इतिहासाची दोन पानं छापून नेली होती, स्वतःच्या नावाखाली लाल रेघ मारली होती. राखात सिदिकोव्नांनी ती लक्ष देऊन वाचली. बाई मूर्ख नव्हत्या. त्यांना सगळं कळलं, आणि मध्ये एकदा त्यांनी कपाळाला हातही लावला.

"म्हणजे पोरगी खरं बोलत होती."

"अगदी खरं. चूक माझी आहे. वहीतलं तेवढं खोडा. माझं नाव लिहा, कुठे लिहायचं ते."

"तुमचं नाव कुठे लिहू, अक्साकाल? तुम्ही माझ्या नोकरीत नाही. मंत्रालयाला अहवाल गेलाय. त्यात लिहिलंय की एक जाणकार उपस्थित होते आणि त्यांनी पान बरोबर असल्याचं सांगितलं. सही आहे तुमची." त्यांनी कागद परत सरकवले. "आता तो अहवाल फिरवायचा म्हणजे चौकशी पुन्हा होणार. दुसरी डिस्क का घेतली नाही ते विचारणार. मग माझीही वही निघेल. गुरुवारी बोलला असतात तर मी मार्ग काढला असता. देवाशपथ काढला असता. आज नाही जमायचं."

"ती माझ्या मुलीसारखी आहे हो."

"मला काय सांगता?" राखात सिदिकोव्ना म्हणाल्या, आणि त्या उठून उभ्या राहिल्या म्हणून त्यालाही उठावं लागलं.

त्याने ओंद्रेयलाही लिहिलं, शिक्षिकेला गाठून, पाचवं नवं वाक्य लिहून घेऊन. माझ्या दुरुस्तीमुळे मोठं नुकसान झालं, माझं नाव काढून टाका. ओंद्रेयने लांबलचक, प्रेमळ उत्तर धाडलं. नावं काढता येत नाहीत, इतिहास बदलता येत नाही. चुका सगळ्यांच्या होतात, आणि तुम्ही ती किती तत्परतेने सुधारलीत, ते आम्ही सगळ्यांना उदाहरण म्हणून सांगतो. शिक्षिकेने ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "किती छान लिहिलंय!" जुमाकादिर तिथून निघाला. त्यानंतर त्याने एकही पान उतरवून घेतलं नाही. आकडा तीनशे सत्त्याण्णववर थांबला.

एप्रिलच्या शेवटी आयझिरेक रशियात येकातेरिनबुर्गला गेली, गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामावर. तिथे नोकरीवही कुणी मागत नाही. आपल्या निम्म्या वसाहतीची पोरं तिकडेच आहेत, त्यात नवल काही नाही. पण विलाप गाणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज कानाने ओळखणारी मुलगी ती, कुठल्या खोऱ्यातली बाई आहे हे सुरावरून सांगायची. जाताना ती मामाला भेटली नाही.

मे महिन्यात कोचकोरहून बुरुलचाचा फोन आला. ती बहात्तर वर्षांची, फोनवरही शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी बोलते.

"जुमाकादिर, पोरीचा नंबर बदललाय. मला दिला आणि म्हणाली, तायाकेला देऊ नकोस. काय केलंस तू तिला?"

"एजे, मोठी गोष्ट आहे. फोनवर कशी सांगू?" थोरल्या बहिणीला तो एजे म्हणायचा.

"सांग. मला वेळ आहे."

मग त्याने सांगितलं. माहितीपान म्हणजे काय, तिथपासून सुरुवात केली. आखूड रेघ कशी असते आणि लांब रेघ कशी, टाइपरायटरला ती का नव्हती, छापखान्यात काय पद्धत होती, ताप किती चढला होता, कॉम्प्युटर एका रेघेपायी आज्ञेचा अर्थ कसा उलटा लावतो. बराच वेळ तो सांगत राहिला. बुरुलचाने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, तरी तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिच्याकडे कुठेतरी एक वासरू हंबरत होतं. तो थांबला तेव्हा ती म्हणाली:

"त्या रेघांचं मला काही कळलं नाही. कळायला नकोच आहे. एवढंच सांग, ते माझ्या पोरीला खोटारडी म्हणत होते तेव्हा तू त्या खोलीत होतास?"

जुमाकादिरने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"होतो, एजे. खुर्चीवर बसलो होतो."

बुरुलचाने फोन ठेवून दिला.